किती वेळानं दिसायला लागतं?

सरकारी दवाखान्यातला नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणजे डॉक्टरांच्या आधी डोळ्यात बॅटरी मारणारा माणूस. नंबर काढायचा, ड्रॉप टाकायचे, शाळाशाळांतून तक्ता टांगून पोरं तपासायची, मोतीबिंदूच्या शिबिराला म्हाताऱ्या माणसांना जीपमध्ये घालून आणायचं. माझी सगळी नोकरी अकोले-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात झाली. सहा मीटरवरच्या तक्त्यावरून नजरेची धार कळते. उजेडाने दिपलेला डोळा पुन्हा कामाला लागायला किती वेळ घेतो, हे मात्र तो तक्ता सांगत नाही. केसपेपरवर त्याला रकानाही नसतो. म्हणून हे बोल. क्रमांक फक्त सोयीसाठी आहेत, लहानमोठेपणासाठी नाहीत.

१. तक्ता वाचतो तो डोळा वेगळा, अंगणात चालतो तो वेगळा

सातवा महिना लागलेली एक सून सासूबरोबर आली होती. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. सासू म्हणाली, "दिवसा सुईत दोरा ओवती, अन् दिवेलागण झाली का भितीला धरून चालती. सोंग करती का काय, ते तरी सांगा."

सोंग नव्हतं. डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी दोन जातींच्या. शंकूपेशी साठेक लाख, त्या भर उजेडात, रंग आणि बारकावे बघायला. दंडपेशी दहा-बारा कोटी, त्या अंधुक उजेडासाठी. तक्ता वाचताना आपण पडद्याचा जो मधला बिंदू वापरतो, तिथे एकही दंडपेशी नसते. म्हणजे ६/६ नजर आली की आम्ही तपासलेला असतो तो डोळ्याचा दिवसपाळीचा कारभार. रातपाळीची हजेरी कोणी घेतलेलीच नसते. सुनेला सासूसमोरच सांगितलं, "ताई, तुमचं खरं आहे. हा आजार आहे, आणि बहुतेक खाण्यातून बरा होणारा आहे." सासूचा चेहरा उतरला, तेव्हा मला बरं वाटलं हे कबूल करतो.

२. रंग विटतो म्हणून दिसतं, रंग परत चढतो म्हणून दिसत राहतं

ही गोष्ट मला प्रशिक्षणात एका ओळीत शिकवली होती. खरी समजली ती पुढे वाचत गेलो तेव्हा.

१८७६ मध्ये रोममध्ये फ्रान्झ बोल हा तरुण शास्त्रज्ञ बेडकाचे डोळे उघडून बघत होता. अंधारात ठेवलेल्या बेडकाचा पडदा लालसर दिसायचा आणि उजेडात त्याच्या देखत तो रंग उडून जायचा. बेडूक जिवंत असेल आणि पुन्हा अंधारात ठेवला, तर रंग परत यायचा. बोल १८७९ मध्ये क्षयाने गेला, तिशीतच. पण त्याचं काम हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनेने लगेच उचललं होतं. पित्तातल्या क्षारांनी त्याने तो रंग पडद्यातून सोडवून बाटलीत काढला. आज त्याला आपण ऱ्होडॉप्सिन म्हणतो. क्यूनेने सशाला गजांच्या खिडकीकडे तोंड करून बसवलं, नंतर त्याचा डोळा काढून पडदा तुरटीच्या पाण्यात टाकला, तर पडद्यावर खिडकीचे गज उमटलेले होते. या प्रयोगाची चर्चा फार झाली. खुनी माणसाचं चित्र मेलेल्याच्या डोळ्यात सापडेल, अशा वावड्यांना त्यामुळे जोर चढला.

माझ्या मते क्यूनेचा मोठा प्रयोग तो नव्हे. त्याने बेडकाचा पडदा मागच्या काळपट थरापासून सोलून काढला आणि उजेडात विटू दिला. सुटा पडदा अंधारात ठेवला तरी रंग परत आला नाही. तोच पडदा पुन्हा त्या काळ्या थरावर अलगद पसरला, आणि रंग चढला. रंग भरून देणारा कारखाना दंडपेशीत नाही, तिच्या मागच्या थरात आहे, हे एवढ्यावरून कळलं.

त्या थरात काय चालतं हे कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली. जॉर्ज वाल्डला १९३३ मध्ये डोळ्याच्या पडद्यात अ जीवनसत्त्व सापडलं. पुढे हार्वर्डमध्ये रूथ हबर्डबरोबर त्याने कोडं सोडवलं. ऑप्सिन नावाच्या प्रथिनाच्या पोटात रेटिनल हा अ जीवनसत्त्वापासून झालेला छोटा रेणू वाकून बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण लागला की तो सरळ होतो. याला लागणारा वेळ सेकंदाचा पाच लाख कोटीवा हिस्सा! या सरळ होण्यातून मेंदूकडे निरोप निघतो. पण सरळ झालेला रेणू दंडपेशीला स्वतःला पुन्हा वाकवता येत नाही. तो प्रथिनातून सुटतो, मागच्या काळ्या थरात जातो, तिथली विकरं त्याला टप्प्याटप्प्याने वाकवतात, आणि मग तो परत येऊन रिकाम्या ऑप्सिनमध्ये बसतो. वाल्डला १९६७ मध्ये आणखी दोघांबरोबर नोबेल मिळालं. हबर्डला मिळालं नाही. वाकलेला रेणू नेमका कोणता हे ठरवण्यात तिचा वाटा काय होता ते वाचलं की हे खटकतं.

गावात समजावताना मी गॅसच्या टाकीचं उदाहरण देतो. टाकी संपली म्हणून कोणी नवी विकत घेत नाही. रिकामी जाते, भरलेली येते. नवी टाकी लागते ती हरवली-गंजली तरच. खाण्यातलं अ जीवनसत्त्व म्हणजे ती वरची नवी टाकी. रोजचा स्वयंपाक चालतो तो फिरत्या टाक्यांवर, आणि गाडी अडली की घरात कितीही भांडी असोत, चूल थंडच. शंकूपेशींना पडद्यातल्याच दुसऱ्या एका जातीच्या पेशींकडूनही पुरवठा होतो, म्हणजे त्यांच्या दोन एजन्स्या. त्यामुळेच त्या लवकर सावरतात.

३. काळोखात घाई करून काही मिळत नाही

केंब्रिजच्या रश्टनने १९५० च्या दशकात जिवंत माणसाच्या डोळ्यात हा रंग परत चढताना मोजला. दंडपेशींचा निम्मा रंग भरायला साधारण पाच मिनिटं लागतात, शंकूपेशींना दोनच्या आसपास. पूर्ण अंधाराला सरावायला तीस-चाळीस मिनिटं जातात. पहिल्या आठ-दहा मिनिटांत शंकूपेशी त्यांना जेवढं जमतं तेवढं करून थांबतात. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं, झालं, आता याहून जास्त दिसायचं नाही. दंडपेशींचा खेळ त्यानंतर सुरू होतो.

शिकाऊ मुलांना मी हे डार्करूममध्ये दाखवायचो. दाराच्या फटीला चादर लावायची, भिंतीवर एक पांढरा कागद चिकटवायचा, आणि गप्पा मारत बसायचं. बराच वेळ कागद दिसत नाही. मग कोणीतरी म्हणतं, "सर, डाव्या अंगाला काहीतरी पांढुरकं आहे." तो तिकडे रोखून बघतो आणि कागद गायब होतो. नजर जरा बाजूला घे म्हटलं की परत दिसतो. मधल्या बिंदूत दंडपेशी नाहीत, याचा एवढा रोख पुरावा दुसरा नाही. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना ही युक्ती माहीत असते. देवयानीची दीर्घिका ते तिच्या थोडं बाजूला बघून शोधतात. आणि तेवढ्यात कोणीतरी मोबाइल उघडतो. अर्ध्या तासाची कमाई गेली.

लाल उजेडाने मात्र ती जात नाही. दंडपेशींचा रंग हिरवट-निळा उजेड सर्वांत जास्त शोषतो, गडद लाल जवळजवळ नाहीच. म्हणून संध्याकाळी जास्वंद काळी पडते आणि तिची पानं त्या मानाने उजळ राहतात. जुन्या काळचे एक्स-रेचे डॉक्टर स्क्रीनिंगच्या आधी लाल काचांचा चष्मा घालून बसायचे. दुसऱ्या महायुद्धात रात्री उडणारे वैमानिकही तेच करायचे. बिचाऱ्यांना लोक हसत असतील.

४. बॅटरी मारा आणि घड्याळ बघा

ही तपासणी फुकट आहे, आणि तरीही फारशी कोणी करत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. रुग्णाला त्याची सर्वांत बारीक ओळ वाचायला लावायची. मग एक डोळा झाकून दुसऱ्यात ऑप्थॅल्मोस्कोपचा उजेड दहा सेकंद धरायचा. उजेड काढला की घड्याळ सुरू. आधीच्या ओळीच्या वरची एक ओळ त्याला कधी वाचता येते ते बघायचं. निरोगी डोळा बहुधा मिनिटाच्या आत वाचतो. पडद्याचा मधला भाग किंवा त्यामागचा थर आजारी असेल, तर वेळ लांबतो. दोष नसेत असेल तर फारसा लांबत नाही, कारण रंग भरायचं काम नसेकडे नाहीच.

एक निवृत्त गुरुजी यायचे. "मोतीबिंदू पिकला का बघा." मोतीबिंदू होता, पण कच्चा. तक्रार वेगळी होती. उन्हातून घरात आलं की बायकोचा चेहराच दिसत नाही म्हणायचे. उजव्या डोळ्यात उजेड धरला, काढला. गुरुजींनी अर्ध्या मिनिटात ओळ वाचली. डाव्या डोळ्याला मिनिट झालं, दीड झालं, दोन झाली. ते मान तिरकी करून, पापण्या उघडमीट करून अक्षर शोधत होते, आणि आवाज चढवून म्हणत होते, "आहे तिथं काहीतरी, फक्त मधोमध डाग बसलाय." मोतीबिंदूच्या यादीत नाव घालण्याऐवजी मी त्यांना पडद्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. निदान निघालं मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, वयाने होणाऱ्या झिजेचं. घरी कोणी हा प्रयोग करू नये. लेझर किंवा मोबाइलची बॅटरी डोळ्याशी धरून तर अजिबात नाही.

५. म्हाताऱ्यांना अंधार लवकर होतो

साठीनंतर बाहुली लहान राहते, भिंग पिवळं पडतं, म्हणून आत उजेडच कमी जातो. हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की रंग भरण्याचा वेगही मंदावतो. काळा थर आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा आहे. वय वाढतं तशी त्यात चरबी साठते आणि मालाची ने-आण अडते. मॅक्युलाच्या झिजेत तर तक्त्यावरची नजर चांगली असतानाच हा मंदपणा दिसू लागतो.

म्हणून आजोबा रात्री लघवीला उठले की ट्यूबलाइट लावून देऊ नका. जाताना लख्ख उजेड, परत येताना बटण बंद, आणि मग उंबरठ्याला पाय अडकून खुब्याचं हाड मोडतं. वाटेवर जमिनीलगत एक मिणमिणता दिवा रात्रभर राहू द्या. घाटात गाडी चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: समोरच्याने अपर मारला तर त्याच्या दिव्यात बघू नका, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरा. तो गेल्यावर काही क्षण आंधळेच जातात. त्या क्षणांत वेग कमी हवा. मी माळशेजमध्ये रात्री गाडी चालवणं साठीलाच सोडलं.

६. डोस पाजला की संपलं, असं नाही

लहान मुलाला रातांधळेपणा आहे हे मूल सांगत नाही, आई सांगते. तीही वेगळ्या शब्दांत: "दिस मावळला का खेळायचं सोडून ओट्याला चिकटून बसतंय." एवढं वाक्य ऐकलं की खालची पापणी ओढून कानशिलाच्या बाजूचा पांढरा भाग बघायचा. तिथे फेसाळ, कोरडा डाग असेल तर शंका राहत नाही. बितो या फ्रेंच डॉक्टरने १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून ते बितोचे डाग. यापुढची पायरी बुबुळ विरघळण्याची, आणि तिथून परत येता येत नाही.

आपल्याकडे १९७० पासून मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट, मग दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख. असे नऊ डोस. यकृत ते साठवून ठेवतं आणि महिनोन्महिने पुरवतं. गोवर, जुलाब आणि उपासमार हा साठा भराभर संपवतात. रातांधळं मूल डोसनंतर एक-दोन रात्रींतच अंगणात पळायला लागलेलं मी पाहिलं आहे. औषधाचा इतका झटपट गुण दुसऱ्या कुठल्या आजारात क्वचितच बघायला मिळाला.

गरोदर बाईला मात्र हा मोठा डोस देत नाहीत, पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. तिला खाण्यातूनच द्यायचं. शेवग्याचा पाला, तांदुळजा, अळू, लाल भोपळा, पिकली पपई, परवडेल तेव्हा अंडं किंवा कलेजी. आणि भाजीला तेल हवंच. बिनतेलाच्या पाल्यातलं कॅरोटीन बरंचसं तसंच बाहेर पडतं. त्या सुनेला मी हेच सांगितलं होतं. सासूने पाल्याच्या भाजीत तेल घालायला कुरकुर केली, पण घातलं.

गाजराबद्दल: साठा पुरेसा असेल तर कितीही गाजरं खा, नजर तसूभर वाढत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये गाजरं खाऊन वैमानिकांना रात्री दिसतं, अशी मोठी जाहिरात झाली. रात्रीच्या अंधारात शत्रूची विमानं शोधण्याचं खरं काम रडार करत होतं.

आणखी एक. दारू पिऊन यकृत खराब झालेला माणूस रात्री ठेचकाळतो, ते प्रत्येक वेळी नशेमुळेच असतं असं समजू नका. यकृत बिघडलं की साठाही राहत नाही आणि तो डोळ्यापर्यंत नेणारं प्रथिनही कमी बनतं.

७. मुरमांच्या गोळीचंही विचारा

आयसोट्रेटिनॉइन हे औषध अ जीवनसत्त्वाच्याच घराण्यातलं. रंग भरणाऱ्या विकरांच्या कामात ते अडथळा आणतं. काहींना त्यामुळे रात्री कमी दिसतं. तरुण मुलगा-मुलगी "गाडी चालवताना अंधारी येते" म्हणाली की चेहऱ्यावर काय चालू आहे ते विचारावं.

८. सगळा रातांधळेपणा डोसने जात नाही

डोस देऊनही फरक नाही, वय वीस-पंचवीस, आणि माणूस म्हणतो, "पाण्याचा पेला दिसतो, पण बाजूला ठेवलेल्या तांब्याला हात लागून तो पडतो." अशा वेळी माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आई-वडिलांचं लग्न नात्यातलं का? आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. रेटिनायटिस पिगमेंटोसा अशा घरांत अधिक सापडतो. जगभरात साधारण ४००० माणसांत एकाला तो असतो. यात दंडपेशी आधी मरतात आणि नजर बाजूने आक्रसत येते.

कारण ठरणारी जीन्स डझनावारी आहेत. त्यातलं एक, आरपीई६५, त्या काळ्या थरातल्या रेणू वाकवणाऱ्या विकराचं. ते १९९३ मध्ये ओळखलं गेलं. त्यात जन्मजात दोष असलेल्या लॅन्सलॉट नावाच्या कुत्र्याला पडद्याखाली निरोगी जीन टोचून दिसू लागल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावरून झालेल्या माणसांच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये परवानगी मिळाली, दोन्ही डोळ्यांची किंमत ८ लाख ५० हजार डॉलर. पेपरात बातमी आली की माझ्याकडे कात्रणं घेऊन माणसं यायची. त्यांना सांगावं लागायचं की हा उपचार त्या एकाच जीनच्या दोषावर चालतो, आणि पेशी जिवंत असतील तरच. कात्रणाच्या मागे धावण्यापेक्षा दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा. तक्त्यावर नजर बरी असली, तरी दृष्टिक्षेत्र १० अंशांच्या आत आलं असेल तर २०१६ च्या कायद्याने ते अंधत्वात धरतात. हे कित्येक घरांना ठाऊक नसतं.

९. संध्याकाळ आणि पहाट, दोन्हींचं विचारा

दूध घालणारा एक जण आला. तक्ता उत्तम, दिवसा तक्रार नाही. संध्याकाळी मात्र बांधावर पडायचा, लहानपणापासून. डोस झाले होते. आजार वाढतही नव्हता. मी सहज विचारलं, "मग पहाटे धारा काढायला कसा जातोस?" तो म्हणाला, "पहाटे लख्ख दिसतंय की. बिनबॅटरीचा जातो गोठ्यात. फक्त उठल्या उठल्या कोणी बल्ब लावला तर मग नाय."

रात्रभर झोपलेल्या डोळ्याला अंधाराचे सहा-सात तास मिळतात. याचा कारखाना बंद नव्हता, फार हळू चालत होता. ड्रॉप टाकून बघितलं तर पडद्यावर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची पखरण होती. मोठ्या रुग्णालयात पडद्याची विद्युत तपासणी झाली. नेहमीच्या अर्ध्या तासाच्या अंधारानंतर दंडपेशींचा आलेख जेमतेम उठला. त्याला कित्येक तास अंधारात बसवून तीच तपासणी पुन्हा केली, तर आलेख जवळजवळ निरोगी माणसासारखा आला. आजाराचं नाव फंडस अल्बिपंक्टॅटस. वाकलेला रेणू परत पाठवण्याआधीच्या शेवटच्या पायरीचं विकर, आरडीएच५, त्याच्याकडे कमी पडतं.

औषध नाही. पण आंधळा होणार नाही हे कळल्यावर घरच्यांनी लग्नाचं बघायला घेतलं. त्याला मी गोठ्यात आणि वाटेवर लाल झिरोचे बल्ब लावायला सांगितलं, संध्याकाळचं दूध भावाने न्यायचं ठरलं. काहींमध्ये वय वाढल्यावर शंकूपेशीही मंदावतात, म्हणून वर्षातून एकदा तपासणी हवी. त्यासाठी मात्र दर वर्षी मलाच फोन करावा लागतो, आणि दर वेळी तो म्हणतो, "आत्ता दिसतंय की, सायेब."